विश्लेषण : चार वावरांची सरासरी चारने भागून, मग चढउतार तीनने का? पीक कापणीच्या आकड्यामागचे ‘उणे एक’

कळवणच्या बाजार समितीत कांद्याची ट्रॉली लिलावाला लागली, की व्यापारी आधी ढिगात हात घालतो. चार कांदे वरचे, चार मधले, चार बाजूचे. गोल्टी किती, जोड किती, पत्ती कशी हे बघतो आणि बोली लावतो. सगळी ट्रॉली कोणी मोजून बघत नाही. मात्र खळ्यावर माल खाली होताना आतला कांदा वेगळा निघाला, की वांधा होतो. मूठभर मालावरून अख्ख्या ट्रॉलीचा अंदाज बांधायचा, तर मुठीबाहेरच्या कांद्यांचाही विचार करावा लागतो.

अशीच मूठ सरकारही भरते. पीक विम्याची भरपाई ठरवण्यासाठी महसूल मंडळातल्या मोजक्या शेतांत पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यावरून सगळ्या मंडळाचे सरासरी उत्पादन ठरते. कळवण तालुक्यातच शेती करणाऱ्या माझ्या मामांनी मागच्या सुट्टीत विचारले, “मंडळात हजारो वावरं. दहा वावरं कापून सगळ्यांचा हिशोब कसा करता? चुकत नाही का?”

चुकतो. पण किती चुकू शकतो, याचाही हिशोब संख्याशास्त्राकडे आहे. त्या हिशोबाच्या मुळाशी एक बारीकशी वजाबाकी आहे. नमुन्यातला चढउतार मोजताना नमुन्याच्या संख्येने भागत नाहीत, त्यातून एक वजा करून भागतात. इंजिनीअरिंगला असताना आम्ही हे सूत्र पाठ केले, परीक्षेत वापरले आणि विसरलो. एक का वजा करायचा, हे वर्गात कोणी विचारलेले आठवत नाही. मीही विचारले नव्हते. मामांच्या प्रश्नामुळे ते आता शोधावे लागले.

प्रश्न नेमका काय आहे?

समजा, एका गावात कांद्याच्या चार वावरांत प्रयोग झाले. एकरी उत्पादन आले ८०, ११०, १२० आणि ९० क्विंटल. (हे आणि पुढचे उत्पादनाचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत.) बेरीज ४००, भागिले ४, सरासरी १०० क्विंटल. इथपर्यंत कोणाची तक्रार नाही.

आता दुसरा प्रश्न. ही वावरे एकमेकांपासून किती वेगळी आहेत? चारही वावरांत ९८ ते १०२ क्विंटल आले असते, तर १०० या सरासरीवर विश्वास ठेवायला सोपे गेले असते. इथे मात्र एकात ८० आहे, एकात १२०. हा विखुरलेपणा मोजण्याचे माप म्हणजे व्हेरियन्स.

तो काढायची रीत सोपी आहे :

- प्रत्येक वावराचे उत्पादन सरासरीपासून किती दूर आहे ते काढा : उणे २०, अधिक १०, अधिक २०, उणे १०.
- या फरकांची नुसती बेरीज केली तर शून्य येते, म्हणून आधी वर्ग करा : ४००, १००, ४००, १००.
- वर्गांची बेरीज करा : १,०००.
- आता भागा.

गोंधळ या शेवटच्या पायरीवर होतो. चारने भागले तर २५० येतात. तीनने भागले तर ३३३. वर्गमूळ काढून पुन्हा क्विंटलमध्ये आलो, की पहिल्या रीतीने चढउतार १५.८ क्विंटल, दुसऱ्या रीतीने १८.३ क्विंटल. या वर्गमुळालाच प्रमाण विचलन म्हणतात. वावरे चार असताना पुस्तक तीनने भागायला सांगते, ते का?

चारने भागले तर बिघडते कुठे?

आपल्याला चार वावरांशी देणेघेणे नाही. ती फक्त मूठ आहे. आपल्याला कळून घ्यायचा आहे गावातल्या सगळ्या वावरांचा चढउतार, आणि तो मोजायला हवा गावाच्या खऱ्या सरासरीपासून. पण खरी सरासरी आपल्याला माहीत नाही. ती माहीत असती तर प्रयोगच कशाला केले असते? म्हणून आपण तिच्या जागी नमुन्याची सरासरी वापरतो.

इथेच माप थोडे आत सरकते. नमुन्याची सरासरी त्याच चार आकड्यांतून निघालेली असते, त्यामुळे ती त्या चार आकड्यांच्या बरोबर मधोमध बसते. त्यांच्यापासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी जिथे येते, ती जागा म्हणजे सरासरी. दुसरा कोणताही आकडा घेतला तरी बेरीज वाढतेच.

करून बघा. समजा, गावाची खरी सरासरी १०० नसून ११० आहे. मग आपल्या चार वावरांचे फरक होतात उणे ३०, शून्य, अधिक १०, उणे २०. वर्गांची बेरीज १,४००. खरी सरासरी ९५ असेल तर बेरीज येते १,१००. खरी सरासरी नेमकी १०० असेल तरच १,०००. म्हणजे नमुन्याच्या सरासरीवरून मोजलेला चढउतार खऱ्या सरासरीवरून मोजलेल्यापेक्षा कमी भरतो, फार तर तेवढाच. जास्त कधीच नाही.

गावच्या भाषेत सांगायचे तर पंच म्हणून ज्याला बसवले, तो त्या चौघांच्या घरचाच माणूस आहे. तो चौघांतले भांडण नेहमी थोडे लहान करून सांगणार. भागाकारातला आकडा एकने कमी केला, की उत्तर थोडे मोठे होते आणि पंचाने झाकलेले भांडण भरून निघते.

तीन चिठ्ठ्यांचा प्रयोग

कमी भरतो हे पटले, तरी ‘एक वजा केला की नेमके बरोबर कसे येते’ हे डोळ्यांनी बघितलेले बरे. त्यासाठी कागदाच्या तीन चिठ्ठ्या पुरतात.

समजा, एका वाडीत फक्त तीन वावरे आहेत : ७०, १०० आणि १३० क्विंटलची. सगळी वावरे माहीत असल्याने खरी सरासरी १००. खरा व्हेरियन्स म्हणजे ९००, ० आणि ९०० यांची बेरीज भागिले ३, अर्थात ६००. इथे तीननेच भागायचे, कारण हा नमुना नाही, सगळी वाडी आहे.

आता ही वाडी माहीत नाही असे धरा. तीन चिठ्ठ्या डब्यात टाका. एक उचला, आकडा लिहा, चिठ्ठी परत टाका, पुन्हा एक उचला. हा झाला दोन वावरांचा नमुना. असे एकूण नऊ नमुने निघू शकतात :

- दोन्ही वेळा तेच वावर (७०–७०, १००–१००, १३०–१३०) : हे ३ नमुने. फरकच नाही, वर्गांची बेरीज ०.
- ७० आणि १००, कोणत्याही क्रमाने : २ नमुने. सरासरी ८५, वर्गांची बेरीज ४५०.
- १०० आणि १३० : २ नमुने. सरासरी ११५, वर्गांची बेरीज ४५०.
- ७० आणि १३० : २ नमुने. सरासरी १००, वर्गांची बेरीज १,८००.

नऊही नमुन्यांच्या बेरजा एकत्र केल्या तर ५,४०० होतात. म्हणजे एका नमुन्यामागे सरासरी ६००.

प्रत्येक बेरजेला नमुन्याच्या संख्येने, म्हणजे २ने भागले, तर सरासरी उत्तर ३००. खऱ्या ६००च्या निम्मे! २ उणे १, म्हणजे १ने भागले, तर सरासरी उत्तर ६००. बरोबर खरे तेवढेच.

एकेक नमुना बघितला तर उणे एक करूनही उत्तर कधी ० येते, कधी १,८००. म्हणजे एका नमुन्यात चूक होणारच. पण उणे एक केल्यावर ती चूक एकाच बाजूला झुकलेली राहत नाही. न करता भागले, तर सगळे उत्तरच सरासरीने खालच्या बाजूला झुकलेले असते. संख्याशास्त्रात अशा झुकण्याला बायस म्हणतात.

वजा करायचा तो एकच का? दोन किंवा अर्धा का नाही?

याचे उत्तर वाटणीच्या हिशोबात आहे. नमुन्यात ‘एन’ वावरे आहेत असे धरू. खऱ्या सरासरीवरून मोजले असते, तर प्रत्येक वावर सरासरीने एक खरा व्हेरियन्स इतका वर्ग आणते. एन वावरांचे मिळून एन वाटे होतात.

पण आपण नमुन्याच्या सरासरीवरून मोजतो. तसे केल्याने बेरजेतून किती निसटते? वरच्या उदाहरणात खरी सरासरी ११० धरली, तेव्हा दोन सरासऱ्यांत १०चा फरक होता. १०चा वर्ग १००, त्याला चार वावरांनी गुणले की ४००, आणि बेरीजही १,०००वरून १,४०० म्हणजे नेमकी ४००ने वाढली. नियम असा : जेवढे निसटते, ते म्हणजे दोन सरासऱ्यांतल्या फरकाचा वर्ग गुणिले एन.

आता हा फरक साधारण किती असतो? एन वावरांची सरासरी एकट्या वावरापेक्षा कमी हलते. तिच्या हलण्याचा व्हेरियन्स एकट्या वावराच्या व्हेरियन्सच्या एन-वा भाग असतो. त्याला पुन्हा एनने गुणा. एन आणि एन कटतात आणि उरतो बरोबर एक वाटा.

म्हणजे एन वाट्यांतून सरासरीने एक पूर्ण वाटा निसटतो आणि बेरजेत एन उणे एक वाटे उरतात. जेवढे वाटे उरले, तेवढ्याने भागायचे. वावरे ४ असोत की ४००, निसटणारा वाटा एकच. म्हणून वजा करायचा तोही एकच.

‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ हे नाव कशासाठी?

शब्दशः अर्थ स्वातंत्र्याच्या मात्रा. नाव भारदस्त आहे, कल्पना घरगुती.

मी सांगितले, की चार वावरांची सरासरी १०० आहे. आता तुम्ही मनाला येतील ते तीन आकडे सांगा. ८०? चालेल. ११०? चालेल. १२०? तेही चालेल. चौथा मात्र तुमच्या हातात राहिला नाही. बेरीज ४०० व्हायची, तर तो ९०च असावा लागतो. सरासरी ठरली की चारपैकी तीनच आकडे मोकळे, चौथा बांधलेला.

फरकांच्या बाबतीतही हेच. उणे २०, अधिक १०, अधिक २० हे तीन फरक कळले, की चौथा उणे १० आहे हे न बघता सांगता येते, कारण सगळ्या फरकांची बेरीज शून्य होते. चढउताराबद्दलची स्वतंत्र माहिती चार ठिकाणांहून नाही, तीनच ठिकाणांहून येते. एक माहिती सरासरी काढण्यात खर्च झाली.

म्हणूनच हा नियम फक्त ‘उणे एक’ असा नाही. नमुन्यातून जितक्या गोष्टी आधी काढून वापरल्या, तितक्या मात्रा खर्च होतात. पाऊस आणि उत्पादन यांच्या आलेखावर सरळ रेषा बसवायची, तर रेषेची उंची आणि तिचा उतार अशा दोन गोष्टी काढाव्या लागतात. तिथे ‘उणे दोन’ होते. दोनच वर्षांचे आकडे असतील तर रेषा दोन्ही ठिपक्यांतून अचूक जाते. बघणाऱ्याला वाटते, काय सुंदर बसली! पण दोन उणे दोन शून्य. चूक किती, हे सांगायला माहितीच शिल्लक नाही.

एकाच वावराचा नमुना घेतला तर? एनने भागणाऱ्याचे उत्तर येते शून्य. म्हणजे एक कांदा बघून ‘सगळी ट्रॉली हुबेहूब अशीच’ असे म्हणण्यासारखे. एन उणे एकने भागणाऱ्याला शून्याने भागावे लागते आणि गणित तिथेच थांबते. हे थांबणेच प्रामाणिक आहे. एका कांद्यावरून ट्रॉलीतला चढउतार कळत नाही.

हे आधी कोणाच्या लक्षात आले?

जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाऊस यांच्या १८२३च्या लेखनात ही कल्पना दिसते. निरीक्षणांतल्या चुका मोजताना एकूण निरीक्षणांतून, काढायच्या अज्ञात राशींची संख्या वजा करून भागायचे, असे त्यांनी मांडले. एन उणे एकला मात्र खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांचे नाव चिकटले. आजही पुस्तकांत त्याला बेसेलची दुरुस्ती म्हणतात.

शेतीशी तिचा संबंध आला तो डब्लिनच्या गिनेस कंपनीतून. बिअर बनवणाऱ्या या कंपनीत विल्यम गॉसेट हे बार्लीच्या प्रयोगांचे आकडे तपासत. त्यांच्याकडे हजारो नमुने नसत, मोजकेच असत. इतक्या छोट्या नमुन्यांवरून सरासरीची चूक किती धरायची, यावर त्यांनी १९०८मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने निबंध लिहिला. पुढे रोनाल्ड फिशर यांनी त्या कामाला पक्का गणिती आधार दिला आणि १९२२च्या निबंधात डिग्रीज ऑफ फ्रीडम ही संज्ञा वापरून कार्ल पिअर्सन यांच्या काय-स्क्वेअर चाचणीतली गणती दुरुस्त केली. मोठ्या नमुन्यांच्या जगात एकचा फरक कोणाला जाणवत नव्हता. जाणवला तो चार-सहा वाफ्यांवर प्रयोग करणाऱ्यांना.

साताऱ्याच्या संख्याशास्त्रज्ञाचा वाटा

फिशर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होते, त्याच काळात तिथे एक मराठी तरुण शिकत होता : पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले आणि १९३६मध्ये पीएच.डी. मिळवली. परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत त्यांनी देशभरच्या पीक कापणी सर्वेक्षणांची घडी बसवली.

पीक किती आले, हे तोवर बऱ्याच ठिकाणी गावकामगारांच्या नजरअंदाजाने, आणेवारीने ठरत असे. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी चिठ्ठी पद्धतीने निवडलेल्या शेतांतला तुकडा प्रत्यक्ष कापून तोलायची पद्धत रुजवली. दोघांनी मिळून लिहिलेले शेती संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४मध्ये आले आणि कृषी महाविद्यालयांतल्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

सुखात्मे यांचा गाजलेला वाद होता प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी. महालनोबिस लहान तुकडे कापण्याच्या बाजूचे होते. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिले, की तुकडा फार लहान असला तर उत्पादन फुगून येते. एक कारण असे, की कडेवरची रोपे आत धरायची की बाहेर, हे ठरवताना माणूस ती आत ओढतो. तुकडा लहान, तर त्याच्या मानाने कड जास्त आणि फुगवटाही जास्त. हीदेखील बायसच, फक्त वरच्या बाजूची. एकाच दिशेने झुकणारी चूक नमुने वाढवून जात नाही, तिचे कारणच शोधून काढावे लागते, हा त्यातला धडा.

पुढे सुखात्मे रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. १९७१मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

आजच्या पीक विम्यात याचा संबंध कुठे येतो?

पंतप्रधान पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत प्रयोगांची किमान संख्या दिली आहे : जिल्ह्यासाठी २४, तालुक्यासाठी १६, महसूल मंडळासाठी १०, तर गाव किंवा ग्रामपंचायत पातळीवर प्रमुख पिकासाठी ४. या संख्या लहान आहेत, आणि उणे एकचा प्रभाव लहान संख्यांवरच सर्वाधिक पडतो. एनने भागले तर व्हेरियन्स सरासरीने इतका कमी भरतो :

- ४ प्रयोग : २५ टक्के
- १० प्रयोग : १० टक्के
- १६ प्रयोग : सुमारे ६ टक्के
- २४ प्रयोग : सुमारे ४ टक्के
- १,००० प्रयोग : ०.१ टक्का

आता मामांच्या प्रश्नाकडे येऊ. समजा, एका मंडळात दहा प्रयोगांची सरासरी १०० क्विंटल आली आणि फरकांच्या वर्गांची बेरीज ३,२४०. नऊने भागले की ३६०, वर्गमूळ सुमारे १९ क्विंटल. सरासरी किती हलू शकते, हे काढायला त्याला दहाच्या वर्गमुळाने भागायचे. येतात ६ क्विंटल.

नऊ मात्रांसाठी गॉसेट-फिशर तक्त्यात गुणक आहे २.२६. सहाला त्याने गुणले की सुमारे साडेतेरा. म्हणजे मंडळाची खरी सरासरी साधारण ८६ ते ११४ क्विंटलच्या पट्ट्यात धरायला हवी. ही पद्धत १०० वेळा वापरली तर सुमारे ९५ वेळा खरा आकडा पट्ट्यात सापडेल, एवढीच तिची हमी. कोणी दहाने भागून मोठ्या नमुन्याचा १.९६ हा गुणक लावला असता, तर पट्टा दिसला असता ८९ ते १११. तो दिसायला नीटनेटका, पण खोटी खात्री देणारा. (प्रत्यक्षात आधी गावे, मग गट नंबर, मग शेतातला तुकडा अशी टप्प्याटप्प्याने निवड होते, म्हणून सूत्र याहून लांब असते. तत्त्व तेच.)

भरपाई कशी ठरते? मागच्या ७ वर्षांपैकी जास्त उत्पादनाच्या ५ वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने गुणतात. हे उंबरठा उत्पन्न. पाच वर्षांची सरासरी १४० क्विंटल आणि जोखीमस्तर ७० टक्के असेल, तर उंबरठा ९८. यंदाची सरासरी १०० आली तर भरपाई शून्य. ९३ आली, तर ९८पैकी ५ क्विंटलची तूट, म्हणजे विमा संरक्षित रकमेच्या सुमारे ५ टक्के.

इथे सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. १०० आणि ९८ यांतला फरक २ क्विंटलचा आहे आणि आपल्या आकड्याची हलण्याची जागा साडेतेरा क्विंटलची. त्याच मंडळात चिठ्ठीने दुसरी दहा वावरे निघाली असती, तर सरासरी ९५ येणे मुळीच नवलाचे नव्हते. पण भरपाईच्या सूत्रात ही हलण्याची जागा धरलेली नाही. सरासरी उंबरठ्याच्या खाली गेली तर पैसे, वर राहिली तर नाही.

राज्यात एक रुपयाची विमा योजना बंद होऊन २०२५च्या खरिपापासून भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आधारित झाली, तेव्हापासून या एका आकड्याचे वजन आणखी वाढले आहे.

मग उणे एक केले की सगळे बरोबर?

नाही. उणे एक फक्त एका गोष्टीची भरपाई करतो : खऱ्या सरासरीच्या जागी नमुन्याची सरासरी वापरल्याची. बाकीचे दोष तो झाकत नाही.

कळवण तालुक्याकडेच बघा. पश्चिमेला डोंगराळ, आदिवासी पट्टा आणि तिथली पावसावरची शेती. दुसरीकडे चणकापूर धरण आणि गिरणेच्या पाण्यावरची बागायत. निवड खरोखर चिठ्ठीने न होता सोयीची, डांबरी रस्त्यालगतची किंवा पाटाखालची वावरेच घेतली, तर सरासरी फुगेल. वर त्या वावरांत आपसात फरक कमी, म्हणून चढउतारही लहान दिसेल. आकडा चुकीचा आणि वर खात्रीशीर! अशा वेळी नऊने भागा नाहीतर दहाने, उपयोग नाही.

आणखी एक बारकावा. उणे एक केल्याने व्हेरियन्सचे झुकणे जाते, पण त्याचे वर्गमूळ, म्हणजे प्रमाण विचलन, तरीही किंचित कमीच भरते. नमुना दहाच्या पुढे गेला की हा फरक व्यवहारात नगण्य होतो.

आणि मंडळाची सरासरी अचूक आली, तरी ती मंडळाची असते. तुमचे एकट्याचे वावर गारपिटीत गेले आणि बाकीच्यांचे वाचले, तर सरासरीत तुमचे नुकसान दिसत नाही. तो नमुन्याचा दोष नाही, योजनेचे एकक मंडळ असल्याचा परिणाम आहे.

मोबाईलवर हिशोब करताना कोणते सूत्र?

- एक्सेलमध्ये नमुन्यासाठी ‘व्हीएआर डॉट एस’ आणि ‘एसटीडीईव्ही डॉट एस’ ही सूत्रे आहेत. यांत एन उणे एकने भागतात.
- शेवटी ‘एस’ऐवजी ‘पी’ असेल तर एनने भागतात. हाती नमुना नसून सगळीच माहिती असेल तेव्हा ते वापरा. उदाहरणार्थ, तुमच्या स्वतःच्या पाचही वावरांचा यंदाचा चढउतार.
- पायथॉन शिकणाऱ्यांनी जपावे. ‘नमपाय’ सांगितल्याशिवाय एनने भागते, तर ‘पांडाज’ एन उणे एकने. त्याच आकड्यांची दोन उत्तरे आली, तर संगणक बिघडलेला नसतो.
- सायंटिफिक कॅल्क्युलेटरवरही यासाठी दोन वेगळी बटणे किंवा पर्याय असतात. परीक्षेत घाईत चुकीचे बटण दाबून मार्क घालवणाऱ्यांत अस्मादिकही आहेत.

थोडक्यात

- नमुन्याची सरासरी नमुन्याच्याच आकड्यांच्या मधोमध बसते, म्हणून तिच्यापासून मोजलेला चढउतार खऱ्यापेक्षा कमी भरतो.
- एन वावरांच्या बेरजेतून सरासरीने नेमका एक वाटा निसटतो, म्हणून एन उणे एकने भागायचे.
- नमुना जितका लहान, तितका हा एक मोठा.
- निवडच चुकीची असेल तर ही दुरुस्ती वाचवू शकत नाही.

मामांना हे सगळे फोनवर सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे सरासरी एकटी ऐकायचीच नाही.” अगदी तेच. पुढच्या हंगामात तुमच्या मंडळाचे सरासरी उत्पादन जाहीर होईल, तेव्हा तीन गोष्टी विचारा : प्रयोग किती झाले, ती वावरे कशी निवडली आणि त्यांच्या उत्पादनात चढउतार किती होता. कृषी कार्यालयात अर्ज करून किंवा माहिती अधिकारात प्रयोगनिहाय आकडे मागता येतात. ते हाती आले, की चढउतार काढताना शेवटच्या पायरीवर एक वजा करायला विसरू नका.